राऊटरच्या डब्यात कुणाकुणाची पेटंट असतात आणि त्याचे पैसे कोण भरतं

नागपुरात नंदनवनला माझ्या मामाची अभ्यासिका आहे. साठ खुर्च्या, एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं सकाळी सहाला येऊन जागा धरतात, मे महिन्यात चार डेझर्ट कूलर एकदम घरघरत असतात आणि महिन्याच्या फीमध्ये वायफाय धरलेलं असतं. परवा मामाचा फोन आला, "काय गं, वायफायवर पण पेटंट असते म्हणते ना? इथला एक पोरगा सांगून राहिला का अमेरिकेत हॉटेलवाल्यांना नोटिसा आल्या होत्या. मला पण भरा लागतीन का पैसे?"

मी नेटवर्किंगमध्येच काम करते त्यामुळे मामाला वाटलं एका वाक्यात उत्तर मिळेल. तसं एका वाक्यात आहेच, नाही भरावे लागत. पण तो पोरगा जे सांगत होता ते खरं आहे, तसं खरंच झालं होतं, आणि ते का झालं अन् शेवटी कोर्टाने कसा हिशोब लावला हे कळलं की आपल्या घरातल्या डब्याच्या किमतीत काय काय दडलेलं असतं तेही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो डबाच बघा. फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीतून एक बारीक वायर येते, तिच्या टोकाला हिरवं कनेक्टर असतं आणि ते ज्या डब्यात जातं त्याच्यावर पॉवर, पॉन, लॉस असे लाईट असतात. लॉसचा लाल लाईट पेटला की आपण केबलवाल्या भाऊला फोन लावतो. त्यातलं 'पॉन' म्हणजे एक अख्खं स्टँडर्ड आहे, आपल्याकडे जास्त करून त्याचा जीपॉन नावाचा प्रकार चालतो, २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ते पक्कं केलं. एकाच काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट डेटा येतो आणि तो विजेशिवाय चालणाऱ्या स्प्लिटरने गल्लीतल्या बऱ्याच घरांत वाटला जातो. मग राऊटरच्या खोक्यावर 'वायफाय ६' किंवा '८०२.११ एएक्स' लिहिलेलं असतं, ते दुसरं स्टँडर्ड, आयईईई नावाच्या इंजिनिअर लोकांच्या संस्थेचं, त्या मालिकेतलं पहिलं १९९७ मध्ये आलं. मोबाईलमध्ये फोरजी-फाईव्हजी, ते अजून वेगळं. म्हणजे अभ्यासिकेतला पोरगा एक लेक्चर लावतो तेव्हा दोन-तीन स्टँडर्ड एकावर एक चढून ते लेक्चर त्याच्यापर्यंत आणतात.

आता स्टँडर्ड म्हणजे नेमकं काय, तर ते आपल्या नागपूरकरांना सांगायला सोपं आहे. इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी आठवते ना, ती नॅरोगेजची होती, दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, आणि मोठ्या गाडीचं १६७६. दोन्ही गाड्याच, दोन्हीला डबे, दोन्हीला ड्रायव्हर, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जात नाही म्हणजे नाही, माणूस असो की धानाचं पोतं, इतवारीला उतरायचं आणि बदलायचं. स्टँडर्ड म्हणजे रुळांमधलं हे अंतर सगळ्यांनी मिळून आधीच ठरवून टाकणं. ते ठरलं म्हणून सीताबर्डीवर घेतलेला कोणत्याही कंपनीचा मोबाईल मामाच्या कोणत्याही कंपनीच्या राऊटरला पासवर्ड टाकला की जोडला जातो.

पण रुळाचं अंतर ठरवणं हा काही शोध नव्हता, आणि वायफाय किंवा फाईव्हजीचं स्टँडर्ड मात्र हजारो शोधांनी भरलेलं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे, युनिव्हर्सिट्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं मीटिंगा घेतात, प्रत्येक जण आपली पद्धत पुढे करतो, त्यातली जी बरी वाटते ती स्टँडर्डमध्ये लिहिली जाते, आणि ती पद्धत ज्याने शोधली त्याने बहुतेक वेळा तिच्यावर पेटंट घेऊन ठेवलेलं असतं. पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, ही गोष्ट माझ्या परवानगीशिवाय बनवायची नाही, वापरायची नाही, विकायची नाही, इम्पोर्ट करायची नाही असा हक्क.

सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे. स्टँडर्ड ठरायच्या आधी त्या पद्धतीला दोन-चार पर्याय असायचे, ही महाग पडली तर ती घेऊ असं म्हणता यायचं. एकदा ती स्टँडर्डमध्ये लिहिली गेली, कोट्यवधी चिप त्याप्रमाणे छापून बाजारात गेल्या, की मग पर्याय संपला, आता वायफायचा राऊटर बनवायचा तर ते पेटंट ओलांडून जाताच येत नाही. अशा पेटंटला स्टँडर्डसाठी अत्यावश्यक पेटंट म्हणतात. शोध तोच आहे, कालच्यापेक्षा आज रतीभर चांगला झालेला नाही, पण त्याची ताकद शंभर पट झाली कारण आता सगळे त्याच रुळावर आहेत. मला विचाराल तर सगळा झगडा एवढ्यासाठीच आहे, शोधाचे पैसे शोधणाऱ्याला मिळायलाच पाहिजेत, पण सगळे एका रुळावर आल्यामुळे जी किंमत वाढली ती त्याची एकट्याची कमाई नाही.

म्हणून स्टँडर्ड बनवणाऱ्या संस्था आपल्या मेंबरांकडून आधीच वचन मागतात, की तुमचं पेटंट यात येत असेल तर तुम्ही मागेल त्याला परवाना द्याल आणि तो रास्त, वाजवी आणि भेदभाव न करता द्याल. इंग्रजी आद्याक्षरं जोडून याला फ्रँड म्हणतात. युरोपात एट्सी नावाची दूरसंचार स्टँडर्डची संस्था हे मागते, वायफायसाठी आयईईई मागते, तिथे त्याला आश्वासनपत्र म्हणतात. ऐकायला छान आहे, फक्त 'रास्त' म्हणजे किती पैसे हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही, आणि सगळ्या केसेस इथूनच सुरू होतात.

वायफायची सगळ्यात गाजलेली गोष्ट ऑस्ट्रेलियाची आहे. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत, सीएसआयआरओ तिचं नाव, जॉन ओ'सुलिव्हन नावाचे रेडिओ खगोलशास्त्राचे इंजिनिअर होते. त्यांनी आधी फुटणाऱ्या छोट्या ब्लॅक होलचे रेडिओ सिग्नल शोधायचा प्रयत्न केला होता, ते काही सापडले नाहीत, पण गोंगाटातून अस्पष्ट सिग्नल कसा ओळखायचा हे गणित हाताशी आलं. १९९० च्या आसपास त्यांच्या टीमने घरात-ऑफिसात वायरशिवाय वेगवान डेटा पाठवायचा प्रश्न हाती घेतला.

प्रश्न काय होता ते मामाच्या हॉलमध्ये उभं राहून समजतं. राऊटरमधून निघालेली लहर मोबाईलकडे सरळ तर जातेच, पण तीच लहर कूलरच्या पत्र्यावर आपटून येते, लोखंडी कपाटावर आपटून येते, स्लॅबवरून येते, आणि प्रत्येक रस्ता कमीजास्त लांब असल्याने एकच शब्द मोबाईलला चार-पाच वेळा थोडाथोडा उशिरा ऐकू येतो. मोठ्या रिकाम्या मंगल कार्यालयात माईकवर कुणी भराभर बोललं की कसं काहीच कळत नाही, तसं. हळू बोललं तर कळतं, पण हळू बोललं तर डेटा कमी जातो. या टीमचा उपाय असा की एकाच भराभर बोलणाऱ्या माणसाऐवजी पुष्कळ माणसं वेगवेगळ्या सुरात एकाच वेळी हळूहळू बोलतील, प्रत्येकाचा आवाज संथ असल्याने प्रतिध्वनी त्याला फारसा त्रास देत नाही, आणि एखादा सूर दबलाच तर काय हरवलं ते बाकीच्यांवरून भरून काढता येईल अशी मांडणी आधीच करून ठेवायची. पुष्कळ सुरांत डेटा वाटायची कल्पना त्यांच्या आधीपासून होती, जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्येही तीच आहे, पण खोलीच्या आतल्या प्रतिध्वनीवर हे सगळे तुकडे एकत्र बसवून त्यांनी पेटंट घेतलं, अमेरिकेतलं जानेवारी १९९६ मध्ये मिळालं.

पुढे १९९९ मध्ये ८०२.११ए आणि २००३ मध्ये ८०२.११जी आलं, त्यात ही पद्धत होती, आणि लॅपटॉप, राऊटर विकणाऱ्या कंपन्यांनी परवाना घेतला नाही. २००५ पासून सीएसआयआरओने केसेस सुरू केल्या, २००९ मध्ये १४ कंपन्यांनी तडजोड केली, २०१२ मध्ये अजून काहींनी, आणि सगळं मिळून ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर पैसे त्या सरकारी संस्थेला मिळाले. मला यात वाईट काही दिसत नाही, जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन होतं, पैसे परत संशोधनात गेले.

पण त्याच पेटंटची एक केस सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीशी चालली आणि तिथे खरा मुद्दा आला. खालच्या कोर्टाने सुमारे १ कोटी ६२ लाख डॉलर द्यायला सांगितले होते, २०१५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने तो हिशोब परत करायला लावला. कारण असं की शोधामुळे मिळणारी किंमत आणि ती पद्धत स्टँडर्डमध्ये गेल्यामुळे चढलेली किंमत या दोन वेगळ्या काढल्या पाहिजेत, आणि पेटंटवाल्याला पहिलीच मिळेल.

हे वेगळं काढायचं कसं, तर त्याची दोन गणितं मला फार आवडतात.

पहिलं मोटोरोला आणि मायक्रोसॉफ्टचं. २०१० मध्ये मोटोरोलाने पत्र पाठवलं की तुमच्या एक्सबॉक्समध्ये, म्हणजे गेम खेळायच्या मशीनमध्ये, आमची वायफायची पेटंट आहेत, विक्रीच्या किमतीच्या २.२५ टक्के द्या. व्हिडिओच्या स्टँडर्डसाठीही तेवढेच मागितले, आणि मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळं वर्षाला ४०० कोटी डॉलरच्या वर जात होतं. सिएटलचे जज जेम्स रोबार्ट यांनी एप्रिल २०१३ मध्ये निकाल दिला. त्यात त्यांनी एक हिशोब मांडलाय, की वायफायची अशी पेटंट असलेल्या निदान ९२ कंपन्या-संस्था आहेत, आणि मोटोरोलाच्या बाजूने नंतर जो खाली आणलेला आकडा सांगितला गेला, १.१५ टक्के, तेवढाच प्रत्येकीने मागितला तर काय होईल. ९२ गुणिले १.१५, झाले १०५.८ टक्के. म्हणजे एक्सबॉक्स विकून जेवढे पैसे येतील त्याहून जास्त फक्त वायफायच्या रॉयल्टीत, म्हणजे पेटंट वापरायच्या मोबदल्यात, जातील, आणि वायफाय हे त्या मशीनमधलं एकच फीचर. शेवटी जजसाहेबांनी एक्सबॉक्सच्या वायफायसाठी नगामागे ३.४७१ सेंट ठरवले, म्हणजे आजच्या भावाने तीनेक रुपये. आणि हेही पक्कं झालं की संस्थेला दिलेलं फ्रँडचं वचन हा करारच आहे, संस्थेबाहेरची कंपनीसुद्धा त्यावर कोर्टात जाऊ शकते.

दुसरं गणित थेट मामाच्या प्रश्नाचं. इनोव्हेशियो नावाच्या एका कंपनीने ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून वायफायची पेटंट विकत घेतली, स्वतः काही बनवत नाही, आणि २०११ पासून राऊटर बनवणाऱ्यांना सोडून कॉफी शॉप, हॉटेलं, दुकानं यांच्यावर केसेस टाकल्या, एकेका जागेचे हजारो डॉलर मागितले. कायद्याने हे जमतं कारण पेटंटमध्ये 'वापरणं' पण येतं, आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ४८ मध्येही वापरणं आहेच. हॉटेलवाल्याला पेटंट म्हणजे काय माहीत नसतं, वकील लावण्यापेक्षा पैसे देऊन टाकू असं त्याला वाटतं, आणि म्हणून त्याला धरायचं, हे मला सरळ चुकीचं वाटतं. सिस्को, मोटोरोला, नेटगिअर आपल्या गिऱ्हाइकांसाठी मधे पडल्या, केस शिकागोला गेली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये जज होल्डरमन यांनी हिशोब लावला. हॉटेल बाजूला, राऊटर बाजूला, त्यांनी वायफायची चिप धरली. चिपची सरासरी किंमत १४.८५ डॉलर. त्यात चिपवाल्याचा नफा १२.१ टक्के, म्हणजे साधारण १ डॉलर ८० सेंट, रॉयल्टीला याच्याहून जास्त जागा नाही, नाहीतर कुणी चिपच बनवणार नाही. वायफायची अत्यावश्यक पेटंट अंदाजे ३०००. त्यातली वरची १० टक्के, म्हणजे ३००, एकूण किमतीच्या ८४ टक्के किंमत बाळगतात असं धरलं, आणि इनोव्हेशियोची १९ पेटंट त्या वरच्या ३०० मध्ये मोजली. आता कॅल्क्युलेटर घ्या, १.८० गुणिले ०.८४, गुणिले १९, भागिले ३००. साडेनऊ सेंटच्या आसपास येतं, निकालात ९.५६ सेंट आहे. एका जागेचे हजारो डॉलर मागत होते ते चिपमागे आठेक रुपयांवर आलं. आणि फ्रँडचं वचन पेटंटसोबत नव्या मालकालाही लागू होतं हेही या केसमध्ये ठरलं, मालक बदलून वचन मोडता येत नाही.

मामाला मी हे असं सांगितलं, की परवाना घेतलेल्या कंपनीने बनवलेला राऊटर तू बिलाने घेतला, तर त्या नगाचे पैसे तिथेच चुकते झाले, पेटंटवाला त्याच नगाचे दुसऱ्यांदा मागू शकत नाही. किमतीत ते आधीच आलेलं असतं, चिपवाला, राऊटरवाला, दुकानदार असं सरकत सरकत. तू फक्त नाव-गाव नसलेला, बिल नसलेला माल घेऊ नको. मामा म्हणे, "मग सगळे काहून चिपवरच नाही लावत हिशोब?"

हा प्रश्न मामाला कळला त्यापेक्षा मोठा आहे, कारण भारतात तो वेगळ्या बाजूने सुटलाय. एरिक्सन या स्वीडनच्या दूरसंचार कंपनीने २०१३ पासून दिल्ली हायकोर्टात मायक्रोमॅक्स, इंटेक्स, लावा अशा मोबाईल कंपन्यांवर केसेस केल्या, आणि मार्च २०२४ मध्ये लावाच्या केसचा निकाल आला. आठ पेटंटपैकी एक कोर्टाने रद्दबातल धरलं, सात टिकली, आणि लावाने २४४ कोटी रुपये द्यावे असा आदेश झाला, दर १.०५ टक्के, आणि तो लावला फोनच्या विक्रीच्या किमतीवर. समजा दहा हजारांचा फोन आहे तर १०५ रुपये. तोच टक्का समजा सहाशे रुपयांच्या चिपवर लावला असता तर सहा रुपये तीस पैसे. पेटंटवाल्यांचं म्हणणं असं की आमचा शोध चिपमध्ये कोंडलेला नाही, त्याच्यामुळे अख्खा फोन चालतो, आणि प्रत्यक्ष करारही वर्षानुवर्षं फोनच्या हिशोबानेच होत आलेत, ते खोटं नाही. पण मग चांगला कॅमेरा टाकून फोन महाग केला तर नेटवर्कच्या पेटंटची रॉयल्टी का वाढावी, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. काही कंपन्यांनी यातून वाट काढून टक्केवारीऐवजी सरळ आकडा जाहीर केलाय, हुआवेने २०२३ मध्ये वायफाय ६ च्या घरगुती डब्यासाठी नगामागे अर्धा डॉलर सांगितला. मला ही पद्धत जास्त बरी वाटते, निदान बनवणाऱ्याला आधी हिशोब तरी करता येतो.

आणि आपण कायम देणाऱ्याच बाजूला राहायचं असं कुठे लिहिलेलं नाही. २०१४ मध्ये आपल्याकडे टीएसडीएसआय नावाची दूरसंचार स्टँडर्डची संस्था सुरू झाली. फाईव्हजीच्या चाचणीचे नियम ठरत होते तेव्हा ग्रामीण भागासाठी दोन टॉवरमधलं अंतर १७३२ मीटर धरलं होतं. एवढे जवळजवळ टॉवर गावोगावी कोण उभारणार, आपल्या जिल्ह्यातल्या कुही-भिवापूरकडे जाऊन बघा, एका गावातून दुसऱ्या गावाचा टॉवर दिसत नाही. भारताने ६ किलोमीटर अंतराची वेगळी चाचणी त्यात घालून घेतली, आणि मोबाईलचा सिग्नल तेवढ्या लांब टॉवरपर्यंत पोचावा यासाठी आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रासच्या लोकांनी काम केलं. जो मीटिंगमध्ये बसतो त्याची गरज स्टँडर्डमध्ये जाते आणि त्याचं पेटंटही जातं, बाहेरून तक्रार करणाऱ्याचं जात नाही.

हे शिकायचं असेल तर नागपूरला तर दारातच आहे. सिव्हिल लाइन्सला हिस्लॉप कॉलेजच्या रस्त्यावर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, देशभरातल्या पेटंट एक्झामिनरांना ट्रेनिंग इथे देतात, आणि व्हीसीएच्या क्रिकेट मैदानावर मॅच बघायला जाणाऱ्या आपल्या अर्ध्या लोकांना ती पाटी माहीत नाही. मामाच्या अभ्यासिकेतल्या त्या पोराला मी तिथलं सांगितलं, आणि घरबसल्या बघायचं तर भारतीय पेटंट ऑफिसची इनपास नावाची शोध-साईट फुकट आहे, एट्सीकडे कंपन्यांनी जाहीर केलेल्या पेटंटचा डेटाबेस आणि आयईईईकडची आश्वासनपत्रं पण कुणालाही बघता येतात. एक लक्षात ठेवायचं, एट्सीच्या यादीत नाव आहे म्हणजे ते पेटंट खरंच अत्यावश्यक आहे असं कुणी तपासलेलं नसतं, कंपनीने स्वतः जाहीर केलेलं असतं एवढंच. त्याने रात्रीच 'वायफाय' हा शब्द टाकून शोधलं, आणि सकाळी मला मेसेज आला, "ताई, क्लेम एक ते वीस आहेत, आधी कोणता वाचू?" क्लेम म्हणजे पेटंटमध्ये नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणारे मुद्दे. मी म्हटलं, पहिला, त्यातला एकेक शब्द, आणि मग आपल्या राऊटरमध्ये ते सगळंच्या सगळं होतं का ते बघ, एक जरी गोष्ट कमी असेल तर तो क्लेम लागू होत नाही.